प्लास्टिकखालचे अंदलूस

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्राला लागून आल्मेरिया नावाचा जिल्हा आहे. उपग्रहातून काढलेल्या छायाचित्रात तिथे किनाऱ्यालगत एक भला मोठा पांढरा डाग दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मिठागर वाटते. प्रत्यक्षात ती पॉलिहाउसची छपरे आहेत, एकाला एक चिकटलेली. तीस हजार हेक्टरांहून जास्त, म्हणजे पाऊण लाख एकर जमीन प्लास्टिकखाली झाकलेली आहे. तिथे टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, वांगी, झुकिनी, खरबूज आणि कलिंगड पिकते. थोड्या क्षेत्रावर फुले आणि शोभेची रोपेही होतात. युरोपात बर्फ पडत असताना जर्मनीच्या नि इंग्लंडच्या दुकानांत जी ताजी भाजी मिळते, तिच्यातला मोठा वाटा इथला असतो.

आपल्याकडे मावळात, तळेगाव दाभाड्याच्या बाजूला, व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब पिकवणारी पॉलिहाउसे अनेकांनी पाहिली असतील. तोच प्रकार एका अख्ख्या तालुक्यावर अंथरला आहे असे समजा, म्हणजे आल्मेरियाची कल्पना येईल.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूच्या तासाला अंदलूस हे नाव हमखास येते. इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले आणि 'मस्जिद-ए-कुर्तबा' ही त्यांची नज्म जन्मली. नसीम हिजाजींच्या कादंबऱ्या वाचून ग्रॅनाडाच्या पाडावावर रडलेली एक आख्खी पिढी आपल्या मोहल्ल्यांत आहे. जलशांत, तकरिरींत अंदलूस म्हणजे कमानी, ग्रंथालये, तलवारी आणि शेवटी आसवे. ते सारे खरे असेलही. पण त्या आठवणीत शेतकरी कुठेच नसतो. पाट काढणारा, मोट हाकणारा, वाफे बांधणारा अंदलुसी माणूस आपल्या इतिहासातून गळून पडला आहे. आल्मेरियाच्या पॉलिहाउसचा इतिहास वाचताना तो पुन्हा सापडतो, आणि त्याच्यासोबत एक अवघड प्रश्नही सापडतो. त्यासाठी हा लेख.

टेहळणीच्या बुरुजाचे गाव

आल्मेरिया हे नाव अरबी आहे. अल-मरिय्या म्हणजे टेहळणीचा बुरूज. कुर्तबाचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने ९५५ साली या ठिकाणाला शहराचा दर्जा दिला. त्यापूर्वी ते बज्जाना नावाच्या गावाचे बंदर होते. अकराव्या-बाराव्या शतकात इथले रेशीम भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर विकले जाई. अल-इद्रीसी या भूगोलकाराने इथे रेशमाचे आठशे माग असल्याची नोंद केली आहे. टेकडीवरचा किल्ला, अल-कसबा, आजही उभा आहे.

हा प्रदेश मुळात कोरडा. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याहून दुप्पट पडतो. ऊन मात्र भरपूर, वर्षाला सुमारे तीन हजार तास. अशा ठिकाणी शेती करायची तर पाणी हाच खरा राजा. अंदलुसी शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधली, झऱ्यांचे पाणी पाटाने फिरवले, पावसाचे पाणी कमानदार छपराच्या टाक्यांत साठवले. यातले सगळेच त्यांनी शोधले नव्हते. काही रोमनांचे होते, काही सीरियातून आले, काही मोरोक्कोच्या अमाझिग म्हणजे बर्बर शेतकऱ्यांनी सोबत आणले. पण त्यांनी त्याची एक व्यवस्था बसवली: कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, याची पाळी. आपल्याकडे धुळे भागात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत होती, तिची आठवण व्हावी अशी. व्हॅलेन्सिया शहरात पाण्याचे तंटे सोडवणारी शेतकऱ्यांची पंचायत आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी भरते. तिची मुळे मुस्लिम काळातली मानली जातात. युनेस्कोने २००९ साली तिला मानवतेच्या वारशात स्थान दिले.

शेतीवर अरबीत ग्रंथ लिहिणाऱ्यांची तिथे मोठी परंपरा झाली. तोलेदोचा इब्न बस्साल अकराव्या शतकातला. सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम बाराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या 'किताब अल-फिलाहा'त ५८५ वनस्पतींची माहिती आहे. खुद्द आल्मेरियात १२८२ साली जन्मलेल्या इब्न लुयून याने १३४८ साली शेतीशास्त्रावरचा ग्रंथ पद्यात लिहिला, पाठ करायला सोपा जावा म्हणून. पुढच्याच वर्षी प्लेगच्या साथीत तो वारला.

इब्न अल-अव्वामच्या ग्रंथातली एक गोष्ट मला फार आवडते. गुलाबाला शरद ऋतूत फुले आणायची असतील तर काय करावे? तो सांगतो, पाण्याची सवय असलेल्या झाडाचे पाणी उन्हाळ्यात तोडा, ऑगस्टपर्यंत त्याला तहानलेले ठेवा, मग भरपूर पाणी द्या. आपल्या डाळिंब-संत्र्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तो यालाच ताण देणे म्हणतो आणि त्यावर बहार धरतो. बिगरहंगामी फूल बाजारात आणण्याची ही खटपट म्हणजे पॉलिहाउसची मूळ इच्छाच. आठशे वर्षांपूर्वी ती तहानेवर भागवली जाई, आज ती प्लास्टिकवर भागवली जाते.

शब्द कुठून कुठे गेले

भाषाशिक्षक असल्यामुळे माझी नजर आधी शब्दांवर जाते. स्पॅनिश शेतकरी पाटाला 'असेकिया' म्हणतो. हा अरबी 'अस-साकिया'. उर्दू गझलेतला साकी याच धातूतला, पाजणारा. शेततळ्याला तो 'अल्बेर्का' म्हणतो, म्हणजे 'अल-बिरका'. पाण्याच्या टाकीला 'अल्खिबे', म्हणजे 'अल-जुब्ब'. सूरह यूसुफ ज्यांनी वाचली आहे त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. भावांनी यूसुफना ज्या विहिरीत टाकले तिच्यासाठी कुरआनात हाच शब्द आहे. रहाटगाडग्याला तो 'नोरिया' म्हणतो, तो 'नाऊरा'. आणि आल्मेरियात भाजीचा लिलाव जिथे होतो त्या आडतीला आजही 'आलोंदिगा' म्हणतात. तो 'अल-फुंदुक', व्यापाऱ्यांची सराई. हाच शब्द पोर्तुगीजांत जकातनाक्यासाठी रुळला.

आता मराठी शेतकऱ्याकडे या. तो खरीप म्हणतो, रब्बी म्हणतो. दोन्ही अरबी: खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. तो हौदात पाणी साठवतो, फवारणी करतो, बागायत करतो, दलालाकडे माल नेतो. कोणाला त्यात काही परके वाटत नाही, आणि वाटूही नये. फळे-भाजीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेली आपली बागवान बिरादरी तर नावातच बाग घेऊन फिरते. आल्मेरियाचा कॅथलिक शेतकरी आणि मराठवाड्याचा वारकरी शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांच्या जिभेवर एकाच भाषेची माती आहे.

उलट दिशेनेही शब्द गेले. सर्वांत गमतीचा प्रवास वांग्याचा. संस्कृतात 'वातिंगण'. फारसीत तो 'बादिंगान' झाला, अरबीत 'बादिंजान'. अरबांसोबत तो अंदलूसला पोचला. इब्न अल-अव्वामने वांग्याच्या चार जाती नोंदवल्या आहेत. स्पॅनिशमध्ये त्याचे 'बेरेनखेना' झाले, पोर्तुगीजमध्ये 'बेरिंजेला'. मग पोर्तुगीज गोव्यात आले, आणि इंग्रजांनी त्यांचा शब्द उचलून 'ब्रिंजल' केला. म्हणजे आपण पाठवलेले वांगे निम्मे जग फिरून नवे नाव घेऊन आपल्याच बाजारात परत आले. कलिंगडाला स्पॅनिशमध्ये 'सांदिया' म्हणतात, म्हणजे सिंधी, सिंधचे. आज आल्मेरियाच्या प्लास्टिकखाली वांगे आणि कलिंगड दोन्ही पिकतात. हिंदुस्थानची नावे घेऊन तिथे गेलेली ही पिके शेकडो वर्षांपासून तिथलीच झाली आहेत. त्यांना कोणी परत जा म्हटले नाही. माणसांचे मात्र तसे झाले नाही.

हात हवेत, माणसे नकोत

१४८९ च्या डिसेंबरात आल्मेरिया कॅथलिक राजा-राणीच्या ताब्यात गेले. २ जानेवारी १४९२ ला ग्रॅनाडा पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबस निघाला. टोमॅटो आणि मिरची या आजच्या आल्मेरियाच्या दोन मुख्य पिकांचा युरोपचा रस्ता त्या सफरीने उघडला. मिरची पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आली.

शरणागतीच्या करारात मुस्लिमांना धर्म, मशिदी आणि मालमत्ता यांची हमी होती. दहा वर्षांत ती मोडली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना मोरिस्को म्हणू लागले. त्यांची भाषा, पोशाख, हमाम यांवर बंदी आली, तेव्हा १५६८ मध्ये आल्मेरिया आणि ग्रॅनाडा यांच्यामधल्या अल्पुखारा डोंगरांत बंड पेटले. ते १५७१ पर्यंत चालले. बंड मोडल्यावर ग्रॅनाडा राज्यातल्या हजारो मोरिस्कोंना उचलून कास्तिलमध्ये विखुरले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात साऱ्या स्पेनमधून त्यांना हाकलले गेले. ही संख्या सुमारे तीन लाख होती. त्यांतले पुष्कळ तेतुआन, रबात, सले या मोरोक्कोच्या शहरांत जाऊन वसले. तिथल्या काही घराण्यांची आडनावे आजही अंदलुसी आहेत.

या हकालपट्टीच्या हुकुमात एक कलम होते. व्हॅलेन्सियासाठी १६०९ साली काढलेल्या फर्मानात दर शंभर कुटुंबांमागे सहा कुटुंबांना राहू द्यावे असे म्हटले होते. कारणही दिलेले होते: घरे, साखरेची घाणी, भाताचे पीक आणि पाटपाणी यांची देखभाल व्हावी, नव्याने येणाऱ्यांना ते शिकवले जावे.

शंभरात सहा. हे कलम मी वर्गात सांगितले की मुले गप्प होतात. राजाला ठाऊक होते की पाणी कोणाच्या हाताने वाहते. त्याला ते हात हवे होते, फक्त त्या हातांमागचा माणूस, त्याची जबान, त्याची नमाज नको होती. इतिहासात अत्याचाराच्या मोठ्या कथा खूप आहेत. पण मला हे छोटे कलम जास्त बोलके वाटते, कारण ते रागाच्या भरात लिहिलेले नाही. हिशेब करून लिहिलेले आहे.

माणसे गेली. त्यांच्या जागी उत्तरेकडून वसाहतकरी आणले गेले, पण ते संख्येने कमी होते. अनेक गावे ओस पडली, पायऱ्यांची शेते ढासळली. एकोणिसाव्या शतकात सिएरा दे गादोर डोंगरात शिशाच्या खाणी जोरात चालल्या आणि भट्ट्यांसाठी डोंगर बोडका झाला. द्राक्षांनी काही काळ तग धरू दिला. ओहानेस जातीची जाड सालीची द्राक्षे बुचाच्या भुशात बांधून, लाकडी पिंपांतून इंग्लंड-अमेरिकेला जात. बाकी आल्मेरिया म्हणजे गरिबी. इथले लोक हंगामी मजुरीसाठी बोटीने समुद्रापार अल्जीरियातल्या ओरानला जात. पुढे बार्सिलोनाला, फ्रान्सला, जर्मनीला. हे लक्षात ठेवायला हवे: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोटासाठी समुद्र ओलांडणारा मजूर स्पॅनिश होता आणि तो आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालेला होता.

१९६१-६२ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चे काही चित्रण याच जिल्ह्यात झाले. अकबा शहराचा देखावा इथल्या किनाऱ्यावर उभारला होता. अरबस्तान दाखवायला आल्मेरियाचे वाळवंट पुरेसे होते. आणि नेमक्या त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, पॉलिहाउसची गोष्ट सुरू होत होती.

वाळू, मांडव आणि प्लास्टिक

फ्रँकोच्या राजवटीत १९३९ साली शेतजमिनी वसवण्यासाठी एक सरकारी संस्था स्थापन झाली. तिने आल्मेरियाच्या पश्चिमेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या माळावर विहिरी खोदल्या, पाट बांधले, आणि अल्पुखाराच्या डोंगराळ गावांतून गरीब कुटुंबांना खाली आणून छोटे तुकडे दिले. पाणी लागले, पण ते बऱ्याच ठिकाणी मचूळ होते. माती भारी आणि निकृष्ट.

यावर उपाय सापडला तो किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांच्या अनुभवातून. मातीवर शेणखताचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर साधारण अर्ध्या वितीच्या जाडीची समुद्राची वाळू पसरायची. वाळूमुळे ओल उडून जात नाही, क्षार वर येत नाहीत, आणि जमीन उबदार राहिल्याने पीक काही आठवडे लवकर निघते. १९५० च्या दशकात रोकेतास दे मार या गावाच्या परिसरात सरकारी तुकड्यांवर ही पद्धत रुजली. काही वर्षांनी वाळू बाजूला सारून खताचा नवा थर द्यावा लागतो. काम कंबरडे मोडणारे, पण मचूळ पाण्यावर भाजी निघू लागली.

पुढचे पाऊल १९६३ चे. त्याआधी जगात काचघरे होती, पण काच महाग. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट या प्राध्यापकाने १९४८ साली काचेऐवजी प्लास्टिक वापरून हरितगृह उभारले होते. आल्मेरियाच्या शेतकऱ्याकडे दुसरी एक गोष्ट तयार होती: द्राक्षाचा मांडव. लाकडी खांब आणि वर तारांची जाळी. नाशिक-सांगलीच्या माणसाला चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. रोकेतासमध्ये या मांडवावर प्लास्टिक अंथरले गेले, तारांच्या दोन जाळ्यांमध्ये ते दाबून बसवले गेले, आणि आल्मेरियाचे पहिले पॉलिहाउस तयार झाले. त्याला भट्टी लागत नाही, बॉयलर लागत नाही. डच काचघरात हिवाळ्यात इंधन जाळून ऊब आणतात. इथे ऊन फुकट होते. उन्हाळ्यात ताप वाढला की छपराला चुन्यासारखा पांढरा हात द्यायचा, झाले.

खर्च कमी, त्यामुळे एक-दोन हेक्टरवाल्या कुटुंबालाही ते परवडले. इथे मोठे जमीनदार आले नाहीत; घरचीच माणसे राबत राहिली. आलोंदिगांत उतरत्या बोलीने लिलाव होऊ लागले, मग सहकारी संस्था आल्या. १९७० च्या दशकात ठिबक आले. १९८२ साली एल एखिदो ही स्वतंत्र नगरपालिका झाली; तीस वर्षांपूर्वी ती मोजक्या घरांची वस्ती होती. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला आणि उत्तरेची बाजारपेठ खुली होत गेली. परदेशी मजुरीला गेलेले लोक परत आले आणि मालक झाले.

हे यश खोटे नाही. एका पिढीने भुकेतून वर येऊन जे उभारले त्याचा आदर केला पाहिजे. शिकण्याची तयारीही त्यांच्यात दिसते. २००६ च्या अखेरीस इथल्या ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले आणि बाजार हादरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिरचीचे जवळपास सगळे क्षेत्र मित्रकिडींवर गेले. फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारे किडे विकत आणून पिकात सोडले जातात. टोमॅटोच्या परागीकरणासाठी भुंगमाश्यांच्या पेट्या ठेवतात. २०११ साली जर्मनीत एका जिवाणूने पन्नासहून जास्त बळी घेतले तेव्हा हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पॅनिश काकडीवर ठपका ठेवला. ट्रकच्या ट्रक माल फेकला गेला. नंतर कळले, दोष मोड आलेल्या मेथीचा होता. काकडी निर्दोष सुटली, नुकसान शेतकऱ्याने सोसले.

किंमतही मोठी आहे. भूजल इतके उपसले गेले की समुद्राचे पाणी आत शिरू लागले. आता खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प चालवावे लागतात. जुने प्लास्टिक ओढ्यांतून समुद्रात जाते. २०१२ साली ग्रॅनाडाच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका स्पर्म व्हेलच्या पोटात सुमारे १८ किलो प्लास्टिक निघाले, त्यातले बरेचसे पॉलिहाउसचे होते. आणि एक विचित्र परिणाम असा की पांढऱ्या छपरांवरून इतके ऊन परावर्तित होते की १९८३ ते २००६ या काळात त्या पट्ट्याचे तापमान दर दशकाला सुमारे ०.३ अंशाने घटल्याचे संशोधकांना आढळले.

आत कोण राबते

१९८० च्या दशकात क्षेत्र वाढले, मालकांची मुले शाळा-कॉलेजात गेली, आणि हात कमी पडू लागले. ते हात समुद्रापलीकडून आले, मुख्यतः मोरोक्कोतून. १९९१ पासून स्पेनने मोरोक्कोच्या लोकांना व्हिसा सक्तीचा केला. मग छोट्या होड्यांतून रात्रीचे येणे सुरू झाले. त्या होड्यांतली किती माणसे समुद्रात राहिली, याचा हिशेब कुठल्या आलोंदिगात लागत नाही.

पॉलिहाउसच्या आत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. काम हंगामी, रोजावर. कागदपत्रे नसतील तर बोलायची सोय नाही. गावात घर भाड्याने मिळत नाही, म्हणून पुष्कळांनी शेतांच्या कडेला जुन्या प्लास्टिकच्या आणि फळ्यांच्या झोपड्या केल्या. म्हणजे ज्या प्लास्टिकखाली टोमॅटो राहतो त्याच्याच टाकाऊ तुकड्याखाली तो तोडणारा माणूस.

फेब्रुवारी २००० मध्ये एल एखिदोत हे सारे फुटले. जानेवारीत दोन शेतकऱ्यांचा खून झाला होता. ५ फेब्रुवारीला बाजारात एका तरुण स्त्रीची हत्या झाली. हल्लेखोर मोरोक्कोचा, मानसिक आजारी तरुण होता. त्या स्त्रीच्या घरच्यांचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही. पण पुढचे तीन दिवस जमाव काठ्या आणि गज घेऊन रस्त्यावर उतरला. मोरोक्कन लोकांची घरे, दुकाने, झोपड्या जाळल्या गेल्या, मशिदीची मोडतोड झाली, माणसे शेतांत आणि टेकड्यांवर लपली. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा एका अख्ख्या समूहाला. हे वाक्य लिहिताना मला स्पेनचा नकाशा लागत नाही. आपल्या देशात राहणाऱ्या कोणत्याही वाचकाला लागणार नाही.

मग मजुरांनी काम बंद केले. हंगाम ऐन भरात होता. मिरची, टोमॅटो झाडावर पिकून चालले होते. काही दिवसांत शासन, मालक आणि मजूर यांच्यात बोलणी झाली. घरे, नुकसानभरपाई, कागदपत्रे यांची आश्वासने देऊन करार झाला. त्यातले बरेच काही पुरे झाले नाही अशी मजुरांची तक्रार राहिली. झोपड्याही राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत निखार भागातली एल वालिली नावाची शेकडो मजुरांची वस्ती बुलडोझरने पाडली गेली.

१६०९ आणि २००० यांच्यात जवळपास चारशे वर्षांचे अंतर आहे. राजेशाही जाऊन लोकशाही आली. आता फर्मान निघत नाही, आणि दंगलीच्या विरोधात उभे राहिलेले स्पॅनिश लोकही होते, हे नोंदवले पाहिजे. पण त्या शंभरातल्या सहा कुटुंबांच्या कलमामागचा हिशेब मला एल एखिदोतही दिसतो. तुझे हात सकाळी सातला शेतावर हवेत, संध्याकाळी सातनंतर तू गावात दिसू नकोस.

मग आपण काय शिकायचे

या इतिहासाचा एक सोपा वापर होऊ शकतो. 'पाहा, आम्हीच युरोपला शेती शिकवली आणि त्यांनी आमच्याशी काय केले' असे म्हणून तकरीर संपवता येते. टाळ्या मिळतात. पण आल्मेरियाचे पॉलिहाउस अरबांनी बांधलेले नाही. ते फ्रँकोच्या काळातल्या विहिरी, अल्पुखाराच्या गरीब कॅथलिक शेतकऱ्याची मेहनत, द्राक्षाचा मांडव आणि जर्मन ग्राहकाची भूक यांतून उभे राहिले. आज तिथे राबणारा मोरोक्कन तरुण मोरिस्कोंचा थेट वंशज असेलच असेही नाही. वारसा रक्तावर मोजायला गेलो तर आपण हुकूम काढणाऱ्या राजाच्याच तागडीत बसतो. त्यालाही रक्ताचीच शुद्धता हवी होती.

मला वारसा कामात दिसतो. पाटाची पाळी ठरवणारा, तहान देऊन गुलाब फुलवणारा, वाळू पसरणारा, मांडवावर प्लास्टिक ताणणारा आणि आज पन्नास पावले वाकून मिरची तोडणारा, ही एक साखळी आहे. तिच्यात मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत, वांग्यापुरते आपणही आहोत. कुर्तबाची मशीद पाहून डोळे भरून येणे ठीक. पण त्या मशिदीच्या अंगणातल्या संत्र्यांना पाणी कोण घालत होते, हे विचारल्याशिवाय अंदलूस कळत नाही.

आणि हा प्रश्न तिथेच थांबत नाही. आपल्या मंडईत ढोबळी मिरची विकणारा बागवान आपला असतो, पॉलिहाउसचा मालक आपल्या ओळखीचा असतो, कर्जाचे हप्ते आणि पडलेला भाव यांच्यात तोही पिचलेला असतो. आत फुले तोडणाऱ्या बाया आणि दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आलेली पोरे मात्र कोणाच्याच ओळखीची नसतात. ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी आपल्या गावांवरून जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा बुडते. ती मुले काही महिने माझ्यासारख्याच कुणाच्या तरी वर्गात पटावर असतात, मग गैरहजेरीच्या खुणा होतात. त्यांच्याबद्दल आपण 'बाहेरचे लोक' हा शब्द किती सहज वापरतो.

आता नववीला इक्बालांची ओळख करून देताना मी फळ्यावर स्पेनचा नकाशा काढतो. कुर्तबा दाखवतो, ग्रॅनाडा दाखवतो, आणि खाली समुद्राकाठी आल्मेरियाही. मग मुलांना सांगतो की घरी जाऊन शेतीतले, भाजीबाजारातले दहा शब्द लिहून आणा आणि ते कुठून आले ते शोधा. खरीप, रब्बी, हौद, दलाल हे शब्द येतातच. गेल्या वेळी एका मुलीने अकरावा शब्द आणला होता: मजूर. शब्दकोशात पाहून तिने अर्थही लिहिला होता, फारसी 'मुज्दूर', म्हणजे मोबदल्यावर काम करणारा. मोबदल्यासाठीचा अरबी शब्द 'अज्र' म्हणजे पुण्याचे फळही, आणि कामाची मजुरीही. त्या दिवशीचा तास त्या एका शब्दावरच संपला.